सोडायचं ठरलंय, आता तारीख ठरवू या

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची. नाशिकला एका खासगी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. १२ जुलै २०२१ ला लागले. त्याआधी तीन वर्षं एका मायक्रोफायनान्स कंपनीत होते. नोकरी बँकेतली म्हणायची, पण माझं खरं काम विमा विकायचं. सकाळी साडेनऊला हडल, म्हणजे शाखेची छोटी मीटिंग, दुपारी दोनला ‘किती लॉगिन झाले?’, म्हणजे किती पॉलिसींचे अर्ज भरले, म्हणून फोन, संध्याकाळी सातला रिव्ह्यू कॉल. त्या कॉलवर सगळ्यांदेखत आकडा विचारतात. शून्य असेल तर ‘मग दिवसभर केलंत काय?’ हे ऐकून घ्यायचं. घरी पोचायला साडेआठ होतात. मुलगा दुसरीत आहे. तोवर त्याचं जेवण होऊन तो पेंगत असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मी एका निवृत्त एसटी ड्रायव्हर काकांना पॉलिसी दिली. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. खोटं असं बोलले नाही, पण ‘एफडीपेक्षा बरं’ एवढं ठासून सांगितलं आणि बाकीचं सह्यांच्या गठ्ठ्यात गेलं. दोन हप्ते खात्यातून गेले, तिसरा याच महिन्यात, डिसेंबर २०२५ मध्ये आहे. ते अधूनमधून येतात, माझ्या टेबलासमोर बसतात आणि विचारतात, “मॅडम, आपली एफडी कधी पिकणार?”

दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक दुसरी खासगी बँक. काम हेच, हातात ५८,००० आणि वर एक लाख जॉइनिंग बोनस. दुसरी जिल्ह्यातली जुनी नागरी सहकारी बँक. तिथं कर्ज विभागात छाननीचं काम, हातात ३८,०००. आत्ता मला ४७,००० मिळतात, बेसिक २४,०००. मिस्टर अंबडला एका कंपनीत आहेत, त्यांना ३२,०००. घराचा हप्ता १७,४००, कर्ज माझ्याच बँकेचं. मिस्टर म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, सहकारी बँका कधी बुडतील सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, दुरून डोंगर साजरे. व्हॉट्सॲपवर आलं होतं की नव्या कायद्यानं आता वर्षभरातच ग्रॅच्युइटी मिळते, म्हणजे मी थांबायचं कारणही उरलं नाही. यातलं कुठलं घेऊ?

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोडू की नको, असं तुम्ही कुठेच विचारलेलं नाही. कुठे जाऊ, एवढंच विचारलंय. म्हणजे पहिला निर्णय झालेला आहे आणि मला तो बरोबर वाटतो, त्यावर मी कागद खर्च करत नाही.

पण दोन्ही ऑफरींच्या आधी काकांचं बघू या. बाकी सगळ्या तारखा तुम्ही पुढेमागे करू शकता, त्यांच्या हप्त्याची तारीख करू शकत नाही.

काकांना सांगा. याच आठवड्यात. पुढच्या वेळी ते येतील तेव्हा, असं नको. फोन करून बोलवा, मुलाला किंवा सुनेला सोबत आणा म्हणावं आणि शाखा व्यवस्थापकांच्या कानावर आधी घाला. लपूनछपून केलंत तर चांगलं काम करूनही तुम्हीच अडचणीत याल. काकांना साध्या शब्दांत सांगायचं: ही एफडी नाही, विमा आहे. अजून आठ हप्ते आहेत. या महिन्यात दीड लाख खात्यातून जातील. मग विमा कंपनीकडून लेखी आकडे मागवा. पुढे भरत राहिलं तर शेवटी किती मिळतील, इथेच हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली (पेड-अप) तर किती, आणि मोडली (सरेंडर) तर आज हातात किती. सरेंडरचा आकडा भरलेल्या तीन लाखांपेक्षा बराच कमी असेल. तो ऐकून काका गप्प होतील किंवा चिडतील, तुम्ही समोरून उठू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे विचार करायला त्यांना थोडा वेळ आहे. पण खात्यात पैसे असले तर ऑटो-डेबिट विचार करत बसत नाही. तेव्हा ती सूचना तूर्त थांबवायची का, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा.

पॉलिसी परत करायची फ्री-लूकची मुदत केव्हाच उलटली, पण तक्रारीचा रस्ता खुला आहे. ‘मला ही मुदत ठेव म्हणून सांगितली’ असं काकांनी स्वतःच्या शब्दांत विमा कंपनीला आणि बँकेला लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटण्यासारखं आलं नाही, तर बीमा लोकपालांकडे जायचं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, नाशिक त्यांच्याच हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही. त्या तक्रारीत तुमचं नाव येईल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण काका आज ना उद्या कुणाला तरी तो कागद दाखवणारच आहेत. तेव्हा तुमचं नाव ‘जिनं स्वतः बोलावून सांगितलं ती’ असं आलेलं बरं. एक मात्र पाळा. काकांच्या खात्याचे स्क्रीनशॉट, फॉर्मचे फोटो, काहीही स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका. हेतू कितीही चांगला असो, ग्राहकाची माहिती बाहेर नेली की शिस्तभंग होतो आणि बँकेला मूळ विषय सोडून तेवढंच धरायला मिळतं.

या सगळ्यात एकट्या तुम्हीच गुन्हेगार आहात असं मानून घेऊ नका. बँकांमधून चुकीच्या पद्धतीनं विकल्या जाणाऱ्या विम्याबद्दल खुद्द अर्थमंत्री नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलल्या होत्या. सातच्या कॉलवर जो आकडा विचारला जातो, त्याचीच ही फळं. पण काकांच्या समोर त्या दिवशी बसला होता तुम्ही, अनेक शाखांवरचे साहेब, क्लस्टर हेड नव्हे. म्हणून सांगायचंही तुम्हीच.

आता ५८,००० वाली ऑफर.

मुलाखतीत त्यांनी तुम्हाला ‘किती बुक घेऊन याल?’, म्हणजे किती ग्राहक सोबत आणाल, असं विचारलं की नाही? माझी नोकरी एका सरकारी बँकेच्या कर्मचारी विभागात गेली, पण खासगी बँकांतून मुलाखती देऊन आलेली मुलंमुली कायम माझ्यासमोर बसायची, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. ते अकरा हजार जास्त देतायत ते तुमच्या कॉलेज रोडच्या डॉक्टरांसाठी, द्राक्षवाल्या बागायतदारांसाठी आणि काकांसारख्या निवृत्तांसाठी. तुमच्या फोनमधले नंबर विकत घेतले जातायत. पहिले सहा महिने तुम्ही ओळखीच्या लोकांना नव्या बँकेत ओढून आणाल आणि आकडे छान दिसतील. त्यानंतर ओळखी संपतील आणि टार्गेट मात्र त्या सहा महिन्यांच्या आकड्यांवर बसलेलं असेल. जॉइनिंग बोनसच्या कागदावर बारीक अक्षरात काय आहे तेही बघा. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करावा लागतो. म्हणजे तिसऱ्याच महिन्यात जीव नकोसा झाला तरी तुम्ही एक लाखाला बांधलेल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त फुफाट्याचा पगार जास्त.

तुमच्या जागी चोविशीतली, आकड्यांचा खेळ आवडणारी कुणी असती तर मी म्हटलं असतं, जा बिनधास्त. त्या कामात वाईट असं काही नाही, त्यात रमणारे लोक असतात. तुम्ही त्यातल्या नाही. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही पगार कमी आहे असं एकदाही म्हटलेलं नाही. मग जे दुखतच नाही त्यावर अकरा हजारांचं औषध कशाला?

आता तारखेकडे वळू, कारण खरे पैसे तिथे अडकलेत आणि व्हॉट्सॲपनं तुमची दिशाभूल केलीय.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, हे खरं. त्यात वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे, हेही खरं. पण ती ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांसाठी. तुम्ही कायम कर्मचारी आहात, तुमची पाच वर्षांची अट जिथल्या तिथे आहे. पाच वर्षं भरली तर हिशेब असा: शेवटचं बेसिक २४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५. येतात साधारण ६९,२३०. महागाई भत्ता वेगळा मिळत असेल तर तोही बेसिकमध्ये धरतात. नव्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येमुळे हा आकडा थोडा वाढूही शकतो, पण तो धरून चालू नका.

तुमची पाच वर्षं ११ जुलै २०२६ ला पूर्ण होतात. ऐकायला लांब वाटतं. पण तुमच्यासारख्या हुद्द्याला नोटीस बहुधा ९० दिवसांची असते. नेमणूकपत्र काढून तुमची किती आहे ते बघा. नोटिशीचा काळ सेवेतच धरला जातो. म्हणजे ९० दिवस असतील तर एप्रिलच्या मध्यावर राजीनामा दिलात तरी जुलैच्या मध्यापर्यंत तुम्ही नोकरीत असता आणि पाच वर्षं भरतात. प्रत्यक्षात राजीनामा खिशात ठेवून काढायचे महिने चारच.

आणखी एक वाट आहे. चार वर्षं पूर्ण करून पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयानं दिलेला आहे. बऱ्याच कंपन्या तो मानतात, काही मानत नाहीत. तुमचं पाचवं वर्ष १२ जुलै २०२५ ला सुरू झालं, म्हणजे नुसते कॅलेंडरचे दिवस मोजले तर २४० दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होतात. बिनपगारी रजा झाली असेल तर तेवढे दिवस पुढे सरकवा. तुमची बँक हे मानते का, हे एचआरला ईमेल करून विचारू नका. दुसऱ्या दिवशी तुमच्या साहेबांना कळेल की तुम्ही निघालात. त्यापेक्षा चार वर्षं आणि नऊ-दहा महिन्यांवर बाहेर पडलेलं तुमच्या शाखेतलं किंवा शेजारच्या शाखेतलं कुणी शोधा आणि त्यांच्या शेवटच्या हिशेबाच्या (फुल अँड फायनल) कागदावर ग्रॅच्युइटीची ओळ आहे का ते बघा. तो एक कागद दहा वकिलांच्या मतांपेक्षा कामाचा.

तिथं ग्रॅच्युइटी दिलेली दिसली, तर डिसेंबरअखेर राजीनामा देऊन मार्चअखेरीस मोकळं व्हा. नसेल तर एप्रिल आणि जुलै. सहकारी बँकवाले थांबतील का, असं तुमच्या मनात आलंच असेल. विचारून बघा. विक्रीच्या माणसासाठी कुणी महिनाभरही थांबत नाही, पण कर्ज छाननीला बरं माणूस मिळत असेल तर जुन्या सहकारी बँका दोन-चार महिने सहज ओढतात. त्यांची भरती संचालक मंडळाच्या सभेवर अवलंबून असते आणि त्या सभेला कधीच घाई नसते. ‘आत्ता या, नाहीतर नाही’ असंच म्हणाले, तर मग हिशेब एवढाच: ६९,००० सोडून जायचं का? मी तुमच्या जागी सोडलं असतं. पण घर तुमचं आहे, हप्ताही तुमचा आहे.

एप्रिलपर्यंत थांबावं लागलं तर मध्ये मार्च येतो, वर्षअखेरीच्या टार्गेटांचा. विम्याचा मार्च म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. मात्र या वेळचा मार्च वेगळा असू शकतो. आजवर रिव्ह्यू कॉलवर तुम्ही घाबरत होता, कारण रेटिंग खाली गेलं तर पगारवाढ जाईल, पीआयपीवर, म्हणजे ‘ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारा’ अशा नोटिशीवर टाकतील, नोकरी जाईल. एप्रिलमध्ये राजीनामा द्यायचं ठरलेल्या माणसाला यातल्या कशाची भीती घालणार? पीआयपीसुद्धा बहुतेक दोन-तीन महिन्यांचा असतो, तो संपायच्या आत तुमचा राजीनामाच गेलेला असेल. तेव्हा आजपासून तुमचे नियम तुम्ही करा. साठीच्या पुढच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकायचा नाही. फॉर्मवर सही घेण्याआधी ‘हे किती वर्षं भरायचंय?’ असं ग्राहकालाच विचारायचं आणि त्याला नीट सांगता आलं तरच लॉगिन करायचं. आकडा पडेल. पडू दे. कॉलवर “आज शून्य आहे, सर” म्हणा आणि कॉल संपला की पर्स उचला. इन्सेंटिव्ह बुडेल तेवढं बुडेल.

कामात ढिलाई मात्र नको. हजेरी, केवायसी, तक्रारींना वेळेत उत्तरं, हे सगळं चोख ठेवा. रिलीव्हिंग लेटर तुम्हाला स्वच्छ हवंय आणि सहकारी बँक ते मागणारच. सोडताना ग्राहकांची यादी घेऊन जायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

घरच्या पैशांचं आता झटपट. सहकारी बँकेत ४७,००० चे ३८,००० होतील, पण ही नऊ हजारांची तूट कागदावर आहे तेवढी खऱ्यात नसते. भेटीगाठींचं पेट्रोल तुम्ही खिशातून घालत असाल, मुलगा शाळेनंतर कुठे थांबत असेल तर त्याचे पैसे जात असतील. बसा आणि लिहून काढा. माझा अंदाज, तूट पाच-सहा हजारांवर येईल. शून्यावर येणार नाही. दोघांचे मिळून ७०,००० आणि १७,४०० चा हप्ता, हे ओढाताणीचं आहे पण झेपणारं आहे. फक्त कर्ज तुमच्याच बँकेचं आहे, तर मंजुरीपत्र काढून व्याजदर कर्मचाऱ्यांसाठीचा सवलतीचा आहे का ते बघा. असेल तर नोकरी सोडताच दर बाजारभावाला जाईल आणि हप्ता किंवा मुदत वाढेल. हा आकडा राजीनाम्याआधी माहीत हवा. तरत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तेव्हा दर फारच चढला तर कर्ज दुसरीकडे नेता येतं. पण तेही पगाराची जुनी स्लिप हातात असताना सोपं जातं.

आरोग्य विम्याचं आजच करा. बँकेची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते आणि सासूबाई त्यात असतील तर त्याही उघड्यावर पडतात. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून नोकरी चालू असतानाच ती सुरू केलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

पीएफ काढू नका. दुरुस्ती, लग्नकार्य, काहीही आलं तरी. मायक्रोफायनान्सची तीन वर्षं त्याच यूएएनला (पीएफच्या कायम नंबराला) जोडलेली आहेत का, तिथं नोकरी सोडल्याची तारीख चढलीय का, हे सर्व्हिस हिस्ट्रीत बघून घ्या. पीएफसोबतच्या ईपीएस पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तुमची साडेसात होत आलीय, मधेच पैसे काढून ती शून्यावर आणू नका.

आता तुमच्या मिस्टरांची भीती. ती खोटी नाही, म्हणून तिला समजुतीच्या गोष्टींनी उत्तर देता येणार नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता आले, हे महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेच्या दारात पुन्हा रांगा लागल्या आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पण विलीन करून घेणारी सारस्वतही नागरी सहकारी बँकच आहे. म्हणून ‘सहकारी बँका बुडतात’ असं मोघम न बोलता ‘ही बँक कशी आहे’ ते बघायचं आणि ते बघणं अवघड नाही.

त्या बँकेचा वार्षिक अहवाल मिळवा. ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा होते, त्याआधी अहवाल सभासदांकडे जातो. तुमच्या सोसायटीत, मिस्टरांच्या कंपनीत, माहेरी, कुठेतरी त्या बँकेचा सभासद निघेलच. त्याच्या घरी टीपॉयखाली तो सापडेल. अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, मान्यवरांच्या भेटी, ही पानं उलटा. नक्त एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचा तरतूद वजा जाता उरणारा हिस्सा, कुठे आहे ते शोधा. रिझर्व्ह बँक ज्यांना आर्थिकदृष्ट्या सक्षम म्हणते त्यांच्यासाठी ही मर्यादा ३ टक्क्यांची आहे. गेल्या तीन वर्षांत हा आकडा चढतोय की उतरतोय ते बघा. मग भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल किती टक्के आहे ते. अनेक शाखा आणि १०० कोटींवर ठेवी असलेल्या बँकांना ती ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्क्यांवर न्यायची आहे. यांची आजच पंधराच्या पुढे असेल तर मिस्टरांना तेच पान दाखवा. अकराच्या आसपास रेंगाळत असेल तर मीही त्यांच्याच बाजूची. ऑडिट वर्ग ‘अ’ आहे का आणि रिझर्व्ह बँकेनं दंड केला असेल तर कशासाठी, हेही त्यात असतं. केवायसीच्या कागदपत्रांतली चूक वेगळी आणि संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज दिल्याचा दंड वेगळा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर विचार सोडून द्या.

सासूबाईंचं ‘दुरून डोंगर साजरे’ मात्र खरं आहे, ते मनावर घ्या. कर्ज छाननी म्हणजे टेबलावर शांत बसून ताळेबंद वाचणं, असं चित्र तुमच्या डोक्यात असेल तर ते अर्धंच आहे. एखादा अर्ज तुम्ही तीन त्रुटी काढून बाजूला ठेवाल आणि दुपारी फोन येईल, “ते आपलंच माणूस आहे, जरा बघून घ्या.” मार्चमध्ये तिथेही घाम फुटतो, वसुलीचा. थकबाकीदाराच्या दारात उभं राहावं लागतं, सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुलीचे दाखले काढावे लागतात. फरक एवढा की तिथं ‘नाही’ म्हणणं हाच तुमच्या कामाचा भाग आहे आणि ते फाइलवर लेखी राहतं. तुमच्या आत्ताच्या कामात ‘नाही’ला जागाच नाही.

त्या ‘नाही’ला तिथं खरोखर किती किंमत आहे, हे पुढच्या भेटीत चाचपा. मुलाखत घेणाऱ्यांना विचारा की छाननी विभागानं नाकारलेलं कर्ज मंजूर करायचं असेल तर काय पद्धत आहे, कुणाची सही लागते, कारण लिहावं लागतं का. समोरचा माणूस सरळ उत्तर देतो की हसून विषय बदलतो, त्यावरून बरंच कळेल. नेमणूक कायम आहे की कराराची, प्रोबेशन किती, वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता लेखी देणार का, हेही विचारा. ३८,००० मध्ये ‘इतर भत्ते’ जास्त आणि मूळ वेतन कमी असेल तर पुढची ग्रॅच्युइटी आणि पीएफ दोन्ही बारीक राहतील. बँक कर्मचाऱ्यांची जेएआयआयबी परीक्षा झाली नसेल तर ती कधी देता येईल, त्यावर वेतनवाढ आहे का, हेही त्याच बैठकीत. सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा दरवर्षी मे महिन्यात असते. सहकारी बँकेत पुढे सरकायचं असेल तर पहिल्या वर्षभरात ती देऊन टाका.

अहवाल हातात आला की ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि एनपीएचा तक्ता, एवढ्या पानांचे फोटो मला पाठवा. मी बघून आठवड्यात कळवते. काकांना फोन मात्र त्याआधी.